कल्पनेची चोरी आणि कायद्याचे कुंपण

जानेवारी २०२५ मध्ये 'नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया' या उपाहारगृहचालकांच्या संघटनेने घरपोच खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या दोन बड्या कंपन्यांविरुद्ध उघड नाराजी व्यक्त केली. निमित्त होते दहा-पंधरा मिनिटांत चहा-कॉफी, नाश्ता आणि जेवण दारात आणून देणाऱ्या दोन नव्या अ‍ॅपचे. झोमॅटोच्या गोतावळ्यातील ब्लिंकिटने 'बिस्ट्रो' आणले, तर स्विगीने 'स्नॅक'. संघटनेचा आक्षेप सरळ होता. कोणत्या भागात, कोणत्या वेळी, कोणता पदार्थ, किती किमतीला खपतो ही माहिती उपाहारगृहांच्या ऑर्डरींमधूनच या कंपन्यांकडे साठत गेली. ती उपाहारगृहांना मिळत नाही. आणि आता त्याच माहितीच्या बळावर या कंपन्या स्वतःची चूल मांडून उपाहारगृहांशी स्पर्धा करणार, असे संघटनेचे म्हणणे होते. कंपन्यांनी हा आरोप मान्य केला नाही. झोमॅटोच्या मूळ अ‍ॅपवर स्वतःचे पदार्थ विकले जाणार नाहीत, असा खुलासाही करण्यात आला.

या वादात कोणाची बाजू खरी, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्याने ऑनलाइन उद्योगातील एका जुन्या धास्तीला नेमके तोंड फोडले. संगणकाच्या पडद्यावर नवा व्यवसाय मांडू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात 'आपली कल्पना कोणी उचलली तर?' हा प्रश्न असतोच. परंतु ही धास्ती बहुधा चुकीच्या दिशेला तोंड करून उभी असते. कोणी अनोळखी प्रतिस्पर्धी येईल, आपले संकेतस्थळ पाहील आणि तसेच दुसरे उभारील, असे चित्र नवउद्योजकाच्या डोळ्यांसमोर असते. तसे घडतेही. पण त्यावर कायद्याकडे इलाज नाही, आणि तो असूही नये, असाच जगभरातील कायद्यांचा एकूण कल आहे. खरा धोका असतो तो ज्यांना आपली कल्पना दाखवल्यावाचून गत्यंतर नसते त्यांच्याकडून. भांडवल पुरवणारा, हाताखाली काम करणारा आणि ज्याच्या मंचावर दुकान थाटायचे तो मालक, हे ते तिघे. आणि भारतीय कायदा सर्वांत विसविशीत आहे तो नेमका याच ठिकाणी.

कल्पनेवर कोणाचाही स्वामित्व हक्क नसतो, हे तत्त्व आपल्याकडे पक्के झाले ते एका नाटकामुळे. आर. जी. आनंद यांचे 'हम हिंदुस्तानी' हे नाटक १९५४ च्या सुमारास दिल्लीत रंगभूमीवर आले. पंजाबी आणि मद्रासी अशा दोन कुटुंबांतील प्रांताभिमान आणि त्यातून मुलांच्या प्रेमात येणारा अडसर हा त्याचा विषय. आनंद यांनी हे नाटक चित्रपटवाल्यांना वाचून दाखवले. पुढे काही कळले नाही. १९५६ मध्ये किशोरकुमार आणि वैजयंतीमाला यांचा 'न्यू दिल्ली' पडद्यावर आला आणि त्याचा विषय नेमका तोच निघाला. दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या या दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला. कल्पना, विषय, कथाबीज किंवा ऐतिहासिक घटना यांवर कोणाचीच मालकी नसते. ती कल्पना ज्या रूपात, ज्या मांडणीत आणि ज्या शब्दांत व्यक्त होते तेवढ्यालाच संरक्षण असते, असे न्यायालयाने म्हटले. चित्रपटात हुंड्यासारखे इतर विषयही होते, मांडणी वेगळी होती. आनंद हरले. तेव्हा इंटरनेट नव्हते, पण ऑनलाइन व्यवसायाच्या नकलेचा प्रश्न आजही भारतात याच निकालाच्या चौकटीत तपासला जातो.

त्याचा व्यवहारातील अर्थ असा. घरकामाला माणूस मिळवून देणारे अ‍ॅप कोणी काढले, तर त्याची संगणकीय आज्ञावली, त्यावरील मजकूर, छायाचित्रे आणि चित्रे यांवर त्याचा हक्क आहे. १९८४ च्या दुरुस्तीपासून संगणक प्रणाली ही स्वामित्व हक्क कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृतीच मानली जाते. ती जशीच्या तशी उतरवणारा गुन्हेगार ठरतो. परंतु तेच काम करणारी वेगळी प्रणाली शून्यापासून लिहिणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही. आणि आज अशी प्रणाली लिहिण्याला लागणारा वेळ आणि पैसा इतका घटला आहे, की हे संरक्षण असून नसल्यासारखेच म्हणावे लागेल.

मग पेटंटचे काय? नवउद्योजक वकिलाला विचारतो तो पहिला प्रश्न बहुधा हाच. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ मधील 'के' हे उपकलम त्याला दार बंद करून उत्तर देते. गणिती वा व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रणाली आणि अल्गोरिदम यांना शोध मानले जाणार नाही, असे ते सांगते. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने हे दार किंचित किलकिले केले होते. काही अटींवर संगणक प्रणालीला पेटंट मिळण्याची सोय त्यात होती. पण २००५ मध्ये संसदेने कायदा करताना ती तरतूद गाळून टाकली. मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांचा आणि डाव्या पक्षांचा त्यामागे मोठा दबाव होता. पुढे मे २०२३ मध्ये 'ओपन टीव्ही' या कंपनीच्या अर्जावर निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने व्यवसाय पद्धतीवरील बंदी निरपवाद असल्याचे स्पष्ट केले. मात्र बदलत्या काळात या बंदीचा फेरविचार व्हावा, असेही सुचवले.

हा फेरविचार करण्यापूर्वी अमेरिकेचा अनुभव पाहिलेला बरा. तिथे असे पेटंट मिळत असे, आणि त्यातील सर्वांत गाजलेले म्हणजे अ‍ॅमेझॉनचे 'एका क्लिकमध्ये खरेदी'. ग्राहकाचा पत्ता आणि कार्डाचा क्रमांक आधीच नोंदलेला असेल, तर बटण एकदा दाबताच ऑर्डर पूर्ण व्हावी, एवढीच ती कल्पना. सप्टेंबर १९९९ मध्ये पेटंट मिळाले आणि पुढच्याच महिन्यात अ‍ॅमेझॉनने 'बार्न्स अँड नोबल' या पुस्तकविक्रेत्याला न्यायालयात खेचले. डिसेंबरात, म्हणजे ऐन नाताळच्या खरेदीच्या तोंडावर, मनाई हुकूम मिळाला. बिचाऱ्या बार्न्स अँड नोबलला आपल्या ग्राहकांसाठी आणखी एक बटण मुद्दाम वाढवावे लागले. २००१ मध्ये अपिलात हा हुकूम उठला, २००२ मध्ये तडजोड झाली. अ‍ॅपलने मात्र भांडण्यापेक्षा परवान्याचे पैसे मोजणे पसंत केले. सप्टेंबर २०१७ मध्ये पेटंटची मुदत संपली तेव्हा या कल्पनेत काही विशेष आहे असे कोणालाही वाटत नव्हते. दरम्यान २०१४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 'अ‍ॅलिस' खटल्यात अमूर्त कल्पना केवळ संगणकावर चढवल्याने पेटंटयोग्य ठरत नाही, असा निकाल दिला आणि अशा पेटंटांचा सुकाळ ओसरला. या सगळ्या काळात लाभ झाला तो वकिलांची फौज बाळगणाऱ्यांचा. गॅरेजमध्ये बसून धंदा सुरू करणाऱ्याला अशा पेटंटांचा आधार कमी आणि धाक जास्त होता.

भारताने तर नकलेच्या मोकळिकीचे पुरेपूर पीक घेतले आहे, हेही मान्य करायला हवे. मुंबईत २००० मध्ये सुरू झालेले 'बाझी डॉट कॉम' हे उघडउघड अमेरिकेतील ईबेच्या धर्तीवर उभे राहिले होते. २००४ मध्ये खुद्द ईबेनेच ते सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतले. अ‍ॅमेझॉनमध्ये नोकरी केलेल्या दोन तरुणांनी २००७ मध्ये फ्लिपकार्ट काढले, तेही सुरुवातीला पुस्तके विकण्यासाठीच. ओला उबरच्या मागोमाग आली, पण भाडे रोखीने घेण्याची सोय तिने आधी केली; मग २०१५ मध्ये उबरने हैदराबादेत, आपल्या जगभरच्या व्यवहारात प्रथमच, रोख रक्कम स्वीकारायला सुरुवात केली. नक्कल दोन्ही दिशांनी होत असते. कल्पनेभोवती कडेकोट कुंपण घालण्याचा कायदा तेव्हा असता, तर यातील बहुतेक दुकाने उघडलीच नसती.

शिवाय पहिला तो जिंकतोच असे नाही. दहा मिनिटांत वाणसामान घरी आणून देण्याची कल्पना २०१५ मध्ये इस्तंबूलच्या 'गेटीर' कंपनीने प्रत्यक्षात आणली. महासाथीच्या काळात ती युरोप-अमेरिकेत पसरली, अब्जावधी डॉलर ओतले गेले, आणि एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आणि अमेरिकेतून गाशा गुंडाळून ती तुर्कस्तानात परतली. भारतात बंगळूरुच्या डंझोने शहरांतर्गत झटपट पोहोच देण्याची सवय लोकांना लावली. गूगल आणि रिलायन्ससारखे गुंतवणूकदार मिळूनही २०२५ च्या आरंभी तिचे अ‍ॅप बंद पडले. २०२१ मध्ये मुंबईत सुरू झालेली झेप्टो, नाव आणि रूप बदललेली ब्लिंकिट आणि स्विगीची इन्स्टामार्ट यांनी बाजार वाटून घेतला. कल्पना तीच. फरक पडला तो गोदामे कोठे थाटली, माल किती अचूक भरला आणि पैसा किती काळ पुरला यांत. यातील कशालाच पेटंट नसते.

कायद्याचे कुंपण खरोखर भक्कम आहे ते नावाभोवती. आणि या बाबतीत भारतीय न्यायालयांनी फार लवकर डोळे उघडले. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'च्या तक्रारीवरून 'रॅडिफ डॉट कॉम' या नावाला मनाई केली. 'नोकरी' या संकेतस्थळाने केवळ एका अक्षराने वेगळे असलेले नाव घेणाऱ्याविरुद्ध २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातून असाच हुकूम मिळवला. २००४ मध्ये 'सिफी' आणि 'सिफीनेट' यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने संकेतस्थळाचे नाव हे केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षणास पात्र आहे, असा निर्वाळा दिला.

मात्र येथे एक मेख आहे. ऑनलाइन व्यवसायाला नाव देताना काम लगेच कळावे म्हणून लोक सरळसोट शब्द निवडतात. लग्न जमवायचे म्हणून 'शादी', तिकिटे काढायची म्हणून 'बुक माय शो'. असे नाव ग्राहकाच्या तोंडी लगेच बसते, आणि त्याच कारणाने न्यायालयात टिकत नाही. दुसऱ्या विवाहासाठीच्या 'सेकंड शादी' या संकेतस्थळाविरुद्ध 'शादी डॉट कॉम' मुंबई उच्च न्यायालयात गेले तेव्हा २०१६ मध्ये मनाई नाकारली गेली. 'शादी' हा रोजच्या वापरातला शब्द असून त्यावर एकाची मक्तेदारी कशी असेल, हा त्यामागचा साधा विचार होता. 'बुक माय स्पोर्ट्स'विरुद्ध 'बुक माय शो'चा दावा २०१७ मध्ये आणि 'भारतपे'विरुद्ध 'फोनपे'चा दावा २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याच खडकावर आपटला. अर्थहीन वाटणारा, घडवलेला शब्द सुरुवातीला लोकांच्या गळी उतरवायला खर्च येतो, पण पुढे तोच खरा आपला होतो. व्यापारचिन्हाच्या २०१७ च्या नियमांनी व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये ठरवले, इतरांसाठी त्याच्या दुप्पट. व्यवसायाच्या पहिल्या महिन्यात करता येण्याजोगी याहून स्वस्त तटबंदी नाही. तरीही अनेक जण नाव गाजल्यावर जागे होतात.

नावाचे संरक्षण असे सोपे, तर विश्वासाचे अवघड. आनंद यांच्या नाटकाच्या प्रकरणात एक मुद्दा मागेच राहिला होता : नाटक त्यांनी स्वतः वाचून दाखवले होते, म्हणजे ते विश्वासाने सांगितले गेले होते. पाव शतकानंतर, २००३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर जवळपास तसाच प्रसंग आला. 'सनडायल कम्युनिकेशन्स' या संस्थेने एका मालिकेची संकल्पना झी वाहिनीपुढे मांडली होती. बाळकृष्ण एका सामान्य कुटुंबात राहायला येतो आणि त्यांच्या अडचणी सोडवतो, असे ते कथासूत्र. वाहिनीने प्रतिसाद दिला नाही, पण पुढे तशाच धर्तीची 'कन्हैया' ही मालिका तिच्याकडे तयार झाल्याचे आढळले. न्यायालयाने या वेळी केवळ स्वामित्व हक्काकडे पाहिले नाही. विश्वासाने सांगितलेली, पुरेशी विकसित झालेली आणि व्यापारी मोल असलेली संकल्पना ऐकणाऱ्याने परस्पर वापरणे हा स्वतंत्र अपराध आहे, असे मानून मनाई कायम ठेवली. स्वामित्व हक्क रूपाला असतो, पण विश्वासभंगाचा दावा कल्पनेपुरताही करता येतो, हे या निकालाने दाखवून दिले. नवउद्योजकांच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. गंमत अशी, की चित्रपट-मालिकांच्या जगाबाहेर तो फारसा कोणाला ठाऊक नाही.

पण 'विश्वासाने सांगितले' एवढे म्हणून भागत नाही. डोंबिवलीत भुतावळ माजवणाऱ्या 'झोंबिवली' या मराठी चित्रपटावर २०२१ मध्ये असाच दावा झाला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने मनाई नाकारली. नेमकी कोणती माहिती गुप्त होती, ती आधीपासून सर्वांना उपलब्ध असलेल्या मालमसाल्याहून वेगळी कशी, हे दावा करणाऱ्याने बोट ठेवून दाखवले पाहिजे, असा न्यायालयाचा आग्रह होता. चावून मेलेली माणसे उठून चालू लागतात, ही कल्पना कोणा एकाची कशी असेल? ऑनलाइन उद्योगालाही हाच निकष लागतो. 'पाळीव प्राण्यांसाठी घरपोच डॉक्टर' ही माहिती गुप्त नव्हे. कोणत्या उपनगरात किती मागणी आहे याची स्वतः केलेली पाहणी, डॉक्टरांशी ठरलेले दर, वेळापत्रक आखण्याची रीत, हे सारे लिहून, तारीख घालून, 'गोपनीय' असा शिक्का मारून दिलेले असेल, तर ते गुप्त ठरू शकते.

आता अडचण अशी, की भांडवल पुरवणारे असा कागद हातात घेतच नाहीत. गोपनीयता करारावर सही करायला बहुतेक गुंतवणूक संस्था नकार देतात. एकाच विषयावरचे अनेक प्रस्ताव त्यांच्यापुढे येत असतात. उद्या त्यातल्या एकाला पैसे दिले तर उरलेले न्यायालयात जातील, ही त्यांची भीती अगदीच निराधार नाही. पण त्याचा परिणाम असा होतो, की ज्याला पैशाची गरज आहे तो निःशस्त्र होऊन बोलतो. डिसेंबर २०२१ पासून दूरचित्रवाणीवर आलेल्या 'शार्क टँक इंडिया'ने तर प्रस्ताव मांडणे हा लाखो प्रेक्षकांसमोरचा खेळच केला. जे देशासमोर सांगितले त्याविषयी पुढे गोपनीयतेचा दावा कसा करणार? प्रसिद्धी हवी की गुप्तता, हा सौदा तिथे पाऊल ठेवण्यापूर्वीच ठरवावा लागतो. फेसबुकच्या बाबतीत विंकलव्हॉस बंधूंनी मार्क झुकरबर्गवर आपली कल्पना लाटल्याचा आरोप केला, तोही मुळात विश्वासाचाच वाद होता. त्यांनी झुकरबर्गला काम सोपवले होते, पण सोबत पक्का करार नव्हता. २००८ मध्ये सुमारे साडेसहा कोटी डॉलरच्या तडजोडीने प्रकरण मिटले, आणि चोरी झाली की नाही याचा निवाडा कोणत्याच न्यायालयाने केला नाही.

नोकरांच्या बाबतीत तर कायदा मुद्दाम मालकाच्या विरुद्ध झुकलेला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरवते. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही, असे लिहून घेतले तरी ते न्यायालयात टिकत नाही. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्याविरुद्ध 'परसेप्ट डी मार्क' या कंपनीने करार संपल्यावरही पहिला हक्क आपलाच असल्याचे म्हटले, तेव्हा २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम ग्राह्य धरले नाही. हे योग्यच आहे. डोक्यातले कसब मालकाचे नसते. पण ग्राहकांची यादी पेन ड्राइव्हमध्ये भरून नेणे वेगळे. अशा यादीला दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ मध्येच, टपालाने माल विकणाऱ्या एका कंपनीच्या दाव्यात, संरक्षण दिले होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसारही मालकाच्या परवानगीवाचून संगणकातील माहिती उतरवणे भरपाईला पात्र आहे. म्हणजे माणूस थांबवता येत नाही, पण त्याने नेलेला साठा थांबवता येतो. त्यासाठी कोणाला काय पाहता येते आणि कोणी काय उतरवले याची नोंद ठेवणारी यंत्रणा आधीपासून असावी लागते. ती छोट्या कंपन्यांत क्वचितच असते.

उरतो तिसरा, म्हणजे मंचाचा मालक. भांडवलदाराला प्रस्ताव एकदा दाखवावा लागतो, मंचाला तो रोज दाखवला जातो, प्रत्येक ऑर्डरीनिशी. ऑक्टोबर २०२१ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने अ‍ॅमेझॉनची हजारो अंतर्गत कागदपत्रे तपासून भारतातील व्यवहाराविषयी वृत्त दिले. मंचावर चांगला खपणारा माल हेरायचा, त्यासारखाच आपल्या खासगी नाममुद्रेखाली काढायचा आणि शोधात तो वर आणायचा, अशी पद्धत होती, असे त्यात म्हटले होते. किशोर बियाणी यांच्या समूहाच्या 'जॉन मिलर' शर्टांची मापे, अगदी गळ्याचा घेर आणि बाहीची लांबी इथपर्यंत, अनुसरण्याचे ठरल्याचा उल्लेखही त्यात होता. अ‍ॅमेझॉनने हे वृत्त चुकीचे आणि निराधार असल्याचे म्हटले. युरोपात मात्र विक्रेत्यांच्या माहितीच्या वापराची चौकशी होऊन डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने लेखी हमी दिली, की विक्रेत्यांची सार्वजनिक नसलेली माहिती ती स्वतःच्या किरकोळ विक्रीसाठी वापरणार नाही.

इथे स्वामित्व हक्क, व्यापारचिन्ह, विश्वासभंग ही सारी हत्यारे बोथट पडतात. शर्टाच्या मापावर कोणाचा हक्क नाही. आणि माहिती 'चोरली' असेही म्हणता येत नाही, कारण मंचावर नाव नोंदवताना विक्रेत्याने न वाचता मान्य केलेल्या लांबलचक अटींत ती वापरण्याची मुभा बहुधा दिलेलीच असते. अटी नाकारायच्या तर ग्राहकाच्या मोबाइलमधून बाहेर पडायचे. शहरातला एखादा खानावळवाला हा पर्याय किती दिवस पेलू शकेल? झोमॅटो आणि स्विगी यांच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्येच, याच उपाहारगृह संघटनेच्या तक्रारीवरून, दिला होता. स्पर्धा आयोगाची वाट लांबची असते. तोवर बाजार कूस पालटून मोकळा होतो.

या दोन्ही उणिवांची दखल सरकारी पातळीवर घेतली गेली, तीही मार्च २०२४ च्या एकाच पंधरवड्यात. बाविसाव्या विधी आयोगाने व्यापारी गुपिते आणि आर्थिक हेरगिरी यांवरील आपला २८९ वा अहवाल सादर केला आणि सोबत स्वतंत्र कायद्याचा मसुदाही जोडला. जागतिक व्यापार संघटनेच्या 'ट्रिप्स' कराराच्या कलम ३९ नुसार अप्रकट माहितीला संरक्षण देणे भारतावर बंधनकारक आहे. अमेरिकेने आणि युरोपीय संघाने २०१६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र तरतुदी केल्या. आपल्याकडे २००८ मधील राष्ट्रीय नवोन्मेष कायद्याचा मसुदा कागदावरच राहिला, आणि न्यायालयांनी इंग्लंडच्या जुन्या निवाड्यांतून तत्त्वे उसनी घेऊन काम चालवले. गुपित म्हणजे काय याची व्याख्या लिखित स्वरूपात येणे हाच मोठा लाभ ठरेल. सध्या ते ठरवण्यासाठीच छोट्या उद्योजकाचा निम्मा पैसा खर्ची पडतो. दुसऱ्याने स्वतंत्रपणे तेच शोधून काढले, किंवा बाजारातील वस्तू उलगडून पाहून तिची रीत समजून घेतली, तर तो गुन्हा नव्हे, ही मर्यादा मात्र अशा कोणत्याही कायद्यात राहणारच.

दुसरा कागद कंपनी व्यवहार मंत्रालयाने मांडलेला डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा. आपल्या मंचावर व्यवसाय करणाऱ्यांची सार्वजनिक नसलेली माहिती त्यांच्याशीच स्पर्धा करण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वापरू नये, असे बंधन बड्या मंचांवर घालण्याचे त्यात सुचवले आहे. 'बडा' ठरवण्याचे निकषही दिले आहेत : भारतातील ४,००० कोटी रुपयांची उलाढाल हा त्यातला एक आर्थिक निकष, आणि त्याच्या जोडीला एक कोटी ग्राहक किंवा दहा हजार व्यावसायिक वापरकर्ते. मसुदा बाहेर येताच विदेशी तंत्रज्ञान कंपन्यांनी आणि काही भारतीय कंपन्यांनीही नवनिर्मितीला खीळ बसेल म्हणून त्याला विरोध केला. या विरोधात तथ्य किती, हे प्रत्येक तरतुदीनुसार वेगळे निघेल. स्पर्धा घडण्यापूर्वीच बंधन घालण्याच्या काही कलमांविषयी शंका घ्यायला जागा आहे. पण माहितीच्या वापराविषयीचे हे एक कलम उरलेल्या विधेयकाच्या भवितव्याला बांधून ठेवण्याचे कारण नाही. अस्तित्वातील स्पर्धा कायद्यातही ते घालता येईल. एक अडचण तेव्हाही राहील : मंचाच्या संगणकात आपली माहिती कोणी, केव्हा, कशासाठी पाहिली, हे उपाहारगृहाला वा विक्रेत्याला बाहेरून कधीच कळणार नाही. म्हणून सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर न टाकता, माहितीच्या वापराची नोंद ठेवण्याची आणि मागितल्यास ती आयोगापुढे उघडण्याची सक्ती मंचावरच असावी लागेल.